राजबाग ते लोकबाग : मुंबईची राणीची बाग आणि सार्वजनिक उद्यानाच्या कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

शहराच्या इतिहासाचे लेखन करताना आपल्याकडे किल्ला, राजवाडा, मंदिर, बाजारपेठ आणि अलीकडच्या काळात गिरणी यांचा विचार होतो. उद्यान मात्र बहुधा वर्णनाच्या शेवटच्या परिच्छेदात, 'प्रेक्षणीय स्थळे' या शीर्षकाखाली येते. वास्तविक सार्वजनिक उद्यान ही आधुनिक नागरी जीवनातील एक विलक्षण संस्था आहे. तेथे जाण्यासाठी कोणतेही प्रयोजन सांगावे लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही, जातीचा अथवा धर्माचा दाखला लागत नाही. अशी जागा आपल्या समाजात केव्हा व कशी निर्माण झाली, तिची रचना कोणत्या हेतूने झाली आणि त्या हेतूचे पुढे काय झाले, याचा शोध मुंबईच्या भायखळा येथील राणीच्या बागेच्या आधारे घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यातील अभ्यासकाने मुंबईच्या बागेकडे का वळावे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर सरळ आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात आज लहानमोठ्या गावांतून उद्याने उभी राहत आहेत. त्यांचे नमुने मात्र मोठ्या शहरांतून येतात आणि त्या नमुन्यांमागचा इतिहास सोबत येत नाही. विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाहून निघालेल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यास सहलीत राणीच्या बागेस भेट देण्याचा योग आला, तेव्हा हा विषय मनात घोळू लागला. बहुतेक विद्यार्थी पिंजऱ्यांच्या दिशेने धावले. नवेगावबांध परिसरातील दोन-तीन मुले मात्र गोरखचिंचेच्या खोडापाशीच थांबली व हातांची साखळी करून त्याचा घेर मोजू लागली. उद्यान कोणासाठी व कशासाठी, या प्रश्नाची दोन उत्तरे तेथे एकाच वेळी दिसली असे म्हणावयास हरकत नाही.

राजबाग, आमराई आणि तलाव

इंग्रजी अमदानीपूर्वी आपल्याकडे बागा नव्हत्या असे नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राजधानीत तर बागांची रेलचेल होती. सीताबर्डीची महाराजबाग, शहरातील तुळशीबाग, त्याशिवाय पालडी, सक्करदरा, सोनेगाव आणि तेलंगखेडी येथील बागा यांचे उल्लेख एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये आढळतात. या बागा राजघराण्याच्या विश्रांतीसाठी, फळाफुलांसाठी व पाहुण्यांच्या आदरातिथ्यासाठी होत्या. प्रजेचा त्यांवर हक्क नव्हता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि या बागांचे धनीपण बदलले. महाराजबागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९०६ मध्ये नागपुरात कृषी महाविद्यालय स्थापन झाले आणि बागेचा संबंध शेतीच्या शिक्षणाशी जडला. आजही ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आहे. म्हणजे राजाची बाग लोकांना खुली झाली ती प्रत्यक्षात सरकारी खात्याच्या द्वारे. नाव मात्र अजूनही महाराजांचेच राहिले.

आपल्या भागातील परंपरा याहून निराळी आहे. भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची कीर्ती सर्वश्रुत असून नवेगावबांधच्या जलाशयाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडलेले आहे. तलावाची पाळ, तिच्यावरील झाडे, शेजारचे देवस्थान आणि गावाची आमराई मिळून जी मोकळी जागा तयार होते, तीच या प्रदेशातील लोकांची बाग होय. तेथे बैठक होते, गुरे विसावतात, वऱ्हाड उतरते, मुले कैऱ्या पाडतात. मध्य भारतात आमराई लावणारा मनुष्य तिचे रीतसर लग्न लावीत असे आणि तसे केल्याशिवाय तिची फळे खात नसे, अशी नोंद कर्नल स्लीमन याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे. झाड लावणे हे येथे पुण्यकर्म होते आणि त्याची सावली वाटसरूला मोफत होती. असे असले तरी या परंपरेचे आदर्श चित्र रंगवण्याचे कारण नाही. मालगुजाराची आमराई अखेर मालगुजाराचीच होती, आणि गावाच्या पाळीवर कोणी कोठे बसावे, कोणी कोणत्या घाटाचे पाणी भरावे, याचे जातीचे नियम कडक होते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे सार्वजनिक उद्यानाचे वेगळेपण स्पष्ट होते. इंग्लंडमध्येही ही कल्पना नवीनच होती. औद्योगिक शहरांतील कोंदट वस्त्यांमुळे तेथे उद्यानांची मागणी पुढे आली. १८४० मध्ये डर्बी येथे जे. सी. लाउडन याने आखलेले वृक्षोद्यान खुले झाले. झाडांवर नावांच्या पाट्या लावून लोकांना शहाणे करावे असा त्यामागे उद्देश होता. १८४७ मध्ये बर्कनहेड येथे सार्वजनिक पैशातून उभारलेले उद्यान सुरू झाले. ते पाहून फ्रेडरिक ओल्मस्टेड प्रभावित झाला आणि पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या रचनेत त्याचा वाटा राहिला. भायखळ्याचे उद्यान १८६२ सालचे आहे हे पाहता मुंबई या बाबतीत जगाच्या फार मागे नव्हती.

शिवडीहून भायखळ्यास

राणीच्या बागेचे मूळ मात्र लोकांच्या विरंगुळ्यात नाही, ते शेतीच्या प्रयोगात आहे. १८२० मध्ये विल्यम कॅरी याच्या पुढाकाराने कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. तिच्याच धर्तीवर १८३० मध्ये पश्चिम भारताची अशी संस्था निघाली. परदेशी कापूस, ऊस, फळझाडे व औषधी वनस्पती या भूमीत रुजतात काय, हे पाहणे हा अशा संस्थांचा मुख्य उद्देश असे. पुण्याजवळ दापोडी येथेही याच सुमारास सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले होते आणि १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. वसाहतीच्या तिजोरीत भर घालण्याचा विचार या उद्योगामागे होता हे नाकारता येत नाही. परंतु त्या प्रयोगांसाठी आणलेली झाडे नंतर कोणाच्या हिशेबात राहिली नाहीत आणि ती निव्वळ झाडे म्हणून वाढत गेली, हेही तितकेच खरे.

मुंबईच्या संस्थेची बाग प्रथम शिवडी येथे होती. पुढे भायखळ्यास माउंट इस्टेट या नावाने ओळखली जाणारी सुमारे ३३ एकर जागा नव्या उद्यानासाठी मिळाली. शिवडीची जागा १८६५ मध्ये ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्याचे उद्यान खुले झाले व राणी व्हिक्टोरियाचे नाव त्यास देण्यात आले. त्याच दिवशी आवारातील वस्तुसंग्रहालयाची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसवली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांचा या कार्यात पुढाकार होता. उद्यान आणि संग्रहालय एकाच आवारात असावे ही योजना सहजासहजी सुचलेली नाही. एकीकडे जिवंत वनस्पती, दुसरीकडे देशातील कारागिरीचे व खनिजांचे नमुने, आणि दोहोंच्या मध्ये फिरणारा नागरिक, असे हे शिक्षणाचे मैदान होते.

तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईत पैशाचा पूर आला होता. डेव्हिड ससून यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून शहरात वास्तू उभ्या राहत होत्या. बागेच्या आवारातील घड्याळाचा मनोरा त्यांच्याच नावाचा आहे. १८६५ मध्ये तेजी कोसळली. संग्रहालयाचे काम रखडले व ते लोकांना खुले होण्यास २ मे १८७२ हा दिवस उजाडावा लागला. पुढल्याच वर्षी, १८७३ मध्ये, उद्यान नगरपालिकेच्या ताब्यात आले.

या वर्षाकडे इतिहासकारांचे विशेष लक्ष गेलेले दिसत नाही. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेत करदात्यांनी निवडलेले सभासद प्रथमच आले. म्हणजे ज्या सुमारास शहराच्या कारभारात लोकांना मर्यादित का होईना वाटा मिळाला, त्याच सुमारास उद्यान एका संस्थेच्या सभासदांकडून शहराच्या मालकीचे झाले. आमच्या मते राणीची बाग खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाली ती १८६२ मध्ये नव्हे, १८७३ मध्ये. उद्घाटनाच्या सोहळ्यापेक्षा देखभालीचा खर्च कोण करतो, या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे असते. तरीही 'लोक' या शब्दाचा अर्थ तेव्हा करदात्यांपुरताच होता हे विसरून चालणार नाही. गिरणीतील कामगाराला बागेत फिरता येत होते, तिच्याविषयी मत देता येत नव्हते.

उद्यानाची रचना

उद्यानाच्या मांडणीत इटालियन प्रबोधनकालीन शैलीचा प्रभाव जाणवतो. प्रवेशाशी कमानींची भव्य रचना, तेथून आत जाणारा सरळ मुख्य मार्ग, त्याच्या कडेने वृक्षांच्या रांगा, दृष्टी जेथे विसावते तेथे एखादी वास्तू वा शिल्प, अशी ही योजना आहे. लेडी फ्रिअर यांच्या स्मरणार्थ उभारलेले छोटेखानी मंदिरवजा बांधकाम याच योजनेचा भाग होय. पुढे गेल्यावर वाटा वळणदार होतात व दाट सावलीत शिरतात. प्रथम शिस्त आणि मग रानाचा भास, हा क्रम हेतुपुरस्सर आहे. संग्रहालयाची इमारतही त्याच शास्त्रीय वळणाची असून बाहेरून गंभीर, आतून रंगीत व सोनेरी नक्षीची आहे.

परंतु या उद्यानाचा खरा आराखडा दगडाचा नसून झाडांचा आहे. तेथे तीन हजारांहून अधिक झाडे असून त्यांच्या जाती पावणेतीनशेहून अधिक असल्याचे नोंदवले गेले आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशाची उर्वशी, मादागास्करचा कोलव्हिल, आणि त्यांच्या शेजारी आपले सीताअशोक, वड, ताड. उर्वशीला बहर येतो तेव्हा लांब देठांवर लोंबणारे तांबडे घोस पाहण्यासाठी वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी मुद्दाम येतात. एकाच आवारात इतक्या खंडांतील वृक्ष दीड शतकाहून अधिक काळ शेजारी म्हणून राहिले, ही गोष्ट कोणत्याही वास्तूपेक्षा कमी मोलाची नाही. इमारत पडली तर पैशाने पुन्हा बांधता येते. शंभर वर्षांचे झाड कोणत्याही निविदेत मिळत नाही.

हिरवळ आणि सावली यांचे प्रमाण हा उद्यानरचनेतील मूलभूत प्रश्न आहे. इंग्लंडात ऊन हवेसे असते म्हणून तेथील बागेत मोकळी हिरवळ मोठी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हिरवळीवर कोण बसणार? राणीच्या बागेच्या आखणीत युरोपीय शैली असली तरी प्रत्यक्षात ती सावलीची बाग झाली, आणि म्हणूनच ती टिकली. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींतील कुटुंबांना दुपारच्या वेळी बसता येईल अशी ती जागा होती. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला झाडाखालच्या बाकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

प्राणी आणि पुतळे

१८९० मध्ये सुमारे १५ एकर जागेची भर पडून प्राणिसंग्रहाचा विस्तार झाला. आज एकूण क्षेत्र पन्नास एकरांहून अधिक आहे. येथून पुढे बागेची ओळखच बदलली. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांसाठी 'राणीची बाग' म्हणजे वाघ, हत्ती व माकडे. मुंबईला गेलेला पाहुणा तेथे नेलाच पाहिजे अशी प्रथा पडली. वनस्पती उद्यान पाठीमागे सरले आणि झाडे ही पिंजऱ्यांमधली पार्श्वभूमी ठरली. उद्यानाच्या इतिहासातील हे मोठे स्थित्यंतर असूनही ते कोणत्याही एका निर्णयाने झालेले नाही, गर्दीच्या आवडीने ते हळूहळू घडवले.

स्वातंत्र्योत्तर काळात उद्यानास वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र राणीची बाग कायम राहिली. त्यातली राणी कोणती, हे आता बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि त्यात वावगेही काही नाही. १८७२ पासून संग्रहालयास व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांची नावे होती. १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. ज्यांनी ते उभारण्यासाठी खस्ता खाल्ल्या त्यांना शंभर वर्षांनी न्याय मिळाला.

या आवाराचा आणखी एक उपयोग झाला, तो मूळ आराखड्यात नव्हता. १९६० च्या दशकात शहरातील चौकांमधून ब्रिटिशकालीन पुतळे हलवण्यात आले आणि त्यांतील अनेकांना या आवारात जागा मिळाली. १८७९ मध्ये उभारलेला, 'काळा घोडा' या नावाने एका संपूर्ण परिसराला ओळख देणारा, प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथे आला. घारापुरीच्या बेटाला ज्यामुळे पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' हे नाव दिले, तो पाषाणाचा हत्तीही येथेच आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत मोडला. त्याचे तुकडे या बागेत आले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. पराभूत सत्तेचे पुतळे फोडून टाकण्याऐवजी झाडांच्या सावलीत ठेवणारे शहर सुसंस्कृत म्हटले पाहिजे.

पुनर्रचनेचा वाद

२००३ ते २००८ या काळात संग्रहालयाचे जतनकार्य पार पडले व २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्काराने ते गौरवण्यात आले. जुन्या वास्तूचे काय करावे याचे हे उत्तम उदाहरण होते. २००७ च्या सुमारास मात्र त्याच आवारातील उद्यानासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाची, शेकडो कोटी रुपयांची योजना पुढे आली. तीत बागेच्या मूळ रचनेला व जुन्या वृक्षांना धोका आहे असे काही नागरिकांच्या लक्षात आले. यात महिलांचा पुढाकार मोठा होता. त्यांनी घोषणांवर विसंबून न राहता झाडांची मोजदाद केली, जाती नोंदवल्या, जुने नकाशे व कागदपत्रे धुंडाळली, वारसा समितीपुढे म्हणणे मांडले आणि उद्यानाच्या दीडशे वर्षांवर ग्रंथही सिद्ध केला. वारसा समितीने मूळ आराखड्यास हरकत घेतली व योजना पुष्कळ बदलून पुढे आली. इतिहासाच्या साधनांचा नागरी जीवनात असा थेट उपयोग क्वचितच पाहावयास मिळतो. आमच्या विद्यार्थ्यांना 'इतिहास शिकून काय करायचे' असा प्रश्न पडतो, तेव्हा हे उदाहरण आवर्जून सांगावेसे वाटते.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन आणण्यात आले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. त्यानंतर प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपये. गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली, असे समर्थन केले जाते आणि ते खोटे नाही. तथापि पेंग्विन पाहण्यासाठी वर्षातून एकदा येणाऱ्यास ५० रुपये जड नाहीत. कामाच्या दोन पाळ्यांमध्ये तासभर झाडाखाली टेकणाऱ्यास ते जड आहेत. पहिला प्रेक्षक आहे, दुसरा नागरिक. उद्यानाने कोणाला आपले मानावे हे दरपत्रकावरून ठरते, उद्घाटनाच्या शिळेवरून नाही.

गोंदियाच्या संदर्भात

गोंदिया हे रेल्वेने घडवलेले शहर. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे येथून गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग निघाल्यावर ते जंक्शन झाले. धान, तांदूळ गिरण्या व विडी यांवर ते वाढले. येथे ना भोसल्यांची राजबाग होती, ना धनिकांची वनस्पतिसंस्था. म्हणून शहरातील सुभाष बागेसारखी जागा ही येथे केवळ नगर परिषदेच्या व्यवस्थेतूनच येऊ शकत होती. सकाळी तेथे फिरणारे व्यापारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेली खेड्यांतील मुले एकाच वाटेवर दिसतात. शहरात अशा जागा फार नाहीत.

गावांची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारकडे आले. हा बदल न्याय्यच होता. परंतु पाळ दुरुस्त करणारा, आंब्याची राखण करणारा जुना धनी गेला आणि त्याची जागा घेणारी स्थानिक व्यवस्था पुरेशी उभी राहिली नाही. नागपूरच्या महाराजबागेला कृषी खाते मिळाले, भायखळ्याच्या बागेला नगरपालिका मिळाली. आमच्या आमरायांना तसे कोणी मिळाले नाही.

आता 'सुशोभीकरण' या नावाखाली तलावाच्या पाळीवर फरशी, रंगीत दिवे, सिमेंटचे हरीण व जिराफ बसवण्याची पद्धत सर्वत्र रूढ होत आहे. पाळ मजबूत करण्यास विरोध नाही, दिवेही हवेत. पण फरशीसाठी पाळीवरचे जुने जांभूळ, आंबा, अर्जुन तोडले गेले तर वैशाखात त्या फरशीवर कोणी उभेही राहणार नाही. प्रत्येक नव्या आराखड्यापूर्वी त्या जागेवरील झाडांची यादी करावी, त्यांची स्थानिक नावे, घेर आणि गावातील वृद्धांच्या आठवणीतील वय नोंदवावे, ही कामे महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांना सहज करता येण्याजोगी आहेत. भायखळ्यात नागरिकांनी नेमके हेच केले होते. आमच्या सहलीतील त्या मुलांनी परत आल्यावर आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवरील झाडांची मोजणी सुरू केली आहे. पहिल्या यादीत बेचाळीस झाडे असून त्यांतील सात आंब्यांना गावात स्वतंत्र नावे आहेत.